लूमवर विणताना धाग्याचा ताण कसा सांभाळायचा

गोल लूमवर, म्हणजे कडेने खुंट्या लावलेल्या कड्यावर, पहिल्यांदा विणायला बसलेल्यांची अडचण बहुतेक वेळा सारखीच असते. पहिल्या दोन फेऱ्या मजेत जातात, तिसऱ्या फेरीला हूक टाक्याखाली शिरेनासा होतो आणि पाचव्या फेरीपर्यंत खुंट्या आतल्या बाजूला वाकायला लागतात. ज्यांचा हात सैल असतो त्यांचं काम भराभर पुढे जातं, पण टोपी लूमवरून उतरवली की एका बाजूला जाळी आणि दुसऱ्या बाजूला घट्ट पट्टा दिसतो. दोन्हींचं मूळ धाग्याच्या ताणात आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. लूमवर ताण हाताने द्यायचा नसतो. तो खुंट्यांमधल्या अंतराने आणि लोकरीच्या जाडीने आधीच ठरलेला असतो. हाताचं काम एवढंच, की प्रत्येक टाक्याला हवा तेवढा धागा न ओढता मिळू द्यायचा. कापड घट्ट किंवा सैल हवं असेल तर लोकर बदला, टाक्याचा प्रकार बदला, लूम बदला. पण धागा खेचून ते साधायला जाऊ नका.

टाक्याचं माप कशाने ठरतं

सुयांवर विणणाऱ्यांना माहीत असतं की सुई जाड घेतली की टाका मोठा येतो. लूमवर खुंटीची जाडी थोडीफार महत्त्वाची असते, पण खरं माप ठरतं एका खुंटीच्या मध्यापासून शेजारच्या खुंटीच्या मध्यापर्यंतच्या अंतरावर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोल लूममध्ये हे अंतर साधारण पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटरच्या आसपास असतं. मध्यम लूमवर ते अर्धा इंच असतं, तर बारीक लूमवर एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. एका टाक्यात जाणारा धागा म्हणजे खुंटीभोवतीचा वळसा, पुढच्या खुंटीपर्यंतचं अंतर आणि तुम्ही सोडलेली ढील. पहिल्या दोन गोष्टी लूमने ठरवून दिलेल्या आहेत. तुमच्या हातात फक्त तिसरी उरते, आणि ती प्रत्येक टाक्याला सारखी राहिली की विणकाम आपोआप एकसारखं येतं.

मोजे विणण्याचं पहिलं यंत्र विल्यम ली याने 1589 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ बनवलं. त्यातही हाच प्रश्न होता. तिथे दर दोन सुयांच्या मध्ये एक पातळ पट्टी खाली येऊन धागा आत दाबते, त्यामुळे टाका पडण्याआधीच प्रत्येक सुईच्या वाट्याचा धागा सारखा मोजला जातो. आपल्या लूमवर अशी पट्टी नसते. ते मोजणं आपल्या बोटांना करावं लागतं.

लोकर आणि लूम यांची जोडी

पाऊण इंची लूमवर आपल्याकडची नेहमीची, स्वेटरला वापरतात ती लोकर एकेरी घेतली तर कापड विरळच येणार. अशा वेळी बरेच जण टाके आवळू लागतात. त्याने भोकं बुजत नाहीत, फक्त खुंट्यांवर जोर येतो. इथे लोकर दुहेरी घ्यायची, किंवा जाड लोकर आणायची.

जाडी जुळली की नाही हे पाहण्याची सोपी रीत: पाच-सहा खुंट्यांवर चार फेऱ्या विणा आणि टाक्यांमागे बोट धरून उजेडात पाहा. कापड ओढल्याशिवायच पलीकडचं बोट स्पष्ट दिसत असेल तर लोकर बारीक आहे. हूक घालायला जोर लागतोय आणि टाके खुंटीच्या माथ्याशी दाटीने अडकताहेत, तर लोकर या लूमला जाड पडतेय.

लोकरीचा स्वभावही लक्षात घ्या. खरी लोकर लवचिक असते. ताणून विणली की लूमवर छान दिसते आणि उतरवल्यावर आखडते, म्हणून माप चुकतं. ॲक्रिलिक कमी आखडतं, पण घामेजल्या बोटांना चिकटतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे फार जाणवतं. हात कोरड्या फडक्याला पुसत राहा. सुती धाग्याला ताण सोसायची सवयच नाही. तो अजिबात मागेपुढे होत नाही, म्हणून त्याला सगळ्यांत सैल हात लागतो. नवशिक्यांनी सुती धाग्यावर सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गुंडा नीट नसेल तर हात कितीही चांगला असून उपयोग नाही

या भागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि टाके घट्ट येण्याचं सर्वांत मोठं लपलेलं कारण इथेच असतं. धागा गुंड्यातून अडखळत येत असेल तर प्रत्येक अडखळ तुमच्या टाक्यात उतरते.

लडी आणली असेल तर ती थेट लडीवरून विणायला घेऊ नका. आधी गुंडा करा, आणि तोही सैल. डाव्या हाताची तीन बोटं गुंड्याच्या आत ठेवून त्यांवरून धागा गुंडाळा. थोड्या वेढ्यांनी बोटं काढा, गुंडा फिरवा, पुन्हा बोटं घालून गुंडाळा. बोटांच्या जाडीएवढी जागा प्रत्येक थरात सुटते आणि धागा ताणलेल्या अवस्थेत पडून राहत नाही. कडक गुंडाळलेल्या गुंड्यातली लोकर आधीच ताणलेली असते. विणल्यावर तिचा ताण सुटून ती आखडते आणि मग टोपी घट्ट का झाली ते कळत नाही.

गुंडा मांडीवर किंवा गादीवर ठेवू नका, तिथे तो रुततो. स्टीलच्या खोलगट पातेल्यात ठेवून पातेलं पायाशी जमिनीवर ठेवा. गुंडा आतल्या आत गरगरत राहतो, बाहेर पळत नाही. दर फेरीआधी दोन-तीन हात धागा ओढून मांडीवर मोकळा पाडून ठेवा आणि तो संपत आला की थांबून पुन्हा ओढा. विणता विणता गुंड्यातून धागा ओढायचा नाही.

दुहेरी लोकर वापरताना दोन वेगळ्या गुंड्यांतून दोन धागे एकत्र धरू नयेत. एक गुंडा सहज सुटतो, दुसरा अडतो, आणि टाक्यातला एक धागा बाहेर लोंबतो. दोन्ही धागे आधी एकत्र करून एकच गुंडा गुंडाळा. वेळ जातो, पण तो नंतर टाके सारखे करण्यात जाण्यापेक्षा बरा.

धागा हातात कसा धरायचा

हूक ज्या हातात, त्याच्या दुसऱ्या हातात धागा. धागा करंगळीला एक वेढा घालून घ्या, मधल्या दोन बोटांच्या खालून न्या आणि तर्जनीवरून बाहेर काढा. करंगळी ब्रेकचं काम करते, तर्जनी धाग्याला दिशा देते. गुळगुळीत लोकर फार पळत असेल तर करंगळीला दोन वेढे द्या. खडबडीत किंवा केसाळ लोकर अडत असेल तर वेढा न देता नुसती बोटांमधून न्या.

बरोबर धरलंय का ते असं तपासा. मोकळा धागा चिमटीत धरून हळू ओढा. तो बोटांतून सरकला पाहिजे, पण सोडला की स्वतःहून घसरता कामा नये. बोटावर वळ उठत असेल तर पकड नक्कीच घट्ट आहे.

ज्यांना बोटांची ही रचना जमत नाही, किंवा सांधे दुखतात, त्यांनी जुन्या बॉलपेनची रिकामी नळी घ्यावी. रिफील काढून टाका, धागा नळीतून ओवा आणि नळी पेन्सिलीसारखी धरून तिने खुंट्यांना वेढे घाला. नळी हातात असली की धागा खेचायला जागाच उरत नाही. ई-रॅपसाठी, म्हणजे खुंटीला पूर्ण वळसा घालून घालायच्या टाक्यासाठी, हा उपाय इतका चांगला आहे की शिकणाऱ्यांना मी तोच आधी सांगते.

टाक्याचा प्रकार हीच ताणाची खरी किल्ली

लूमवर सुलट टाका, म्हणजे विणकामाचा नेहमीचा साधा टाका, चार तऱ्हांनी घालता येतो, आणि चारही तऱ्हांत धागा वेगवेगळा लागतो. सर्वांत सैलपासून सर्वांत घट्टपर्यंत क्रम असा: ई-रॅप, खरा सुलट टाका, यू-रॅप, फ्लॅट.

ई-रॅपमध्ये धागा लूमच्या आतून बाहेर येतो, खुंटीला पूर्ण वळसा घालतो आणि पुन्हा आत जातो. मग खालचा टाका हूकने उचलून वरच्या वेढ्यावरून मागे टाकायचा. पूर्ण वळशामुळे यात धागा सर्वांत जास्त जातो. टाका उंच येतो आणि बुडाशी पीळ पडलेला दिसतो. सुरुवात याच्यावर करावी, कारण चूक झाली तरी टाका सहसा अडकत नाही.

फ्लॅट टाक्यात वळसा नसतोच. धागा खुंटीच्या बाहेरून, आधीच्या टाक्याच्या वर, नुसता आडवा धरायचा आणि खालचा टाका त्याच्यावरून मागे टाकायचा. इथेच सगळे अडकतात. खालचा टाका खुंटीवरून उलटतो तेव्हा आडवा धागा आत खेचला जातो, कारण नव्या टाक्याला लागणारी लांबी त्याला त्याच क्षणी हवी असते. तर्जनीने धागा घट्ट धरलेला असेल तर ती लांबी मिळत नाही, मग टाका खुंटीला आवळून बसतो. म्हणून फ्लॅट विणताना एक लय बसवा: धागा आडवा धरा, हूक खाली घाला, आणि टाका उचलून मागे टाकताना तर्जनी ढिली सोडा. टाका पडला की बोट पुन्हा जागेवर. ही एक सवय लागली की फ्लॅट टाक्याच्या बहुतेक तक्रारी संपतात.

यू-रॅप म्हणजे फ्लॅटमध्येच धागा खुंटीच्या समोरून नेऊन थोडा मागे वळवून धरायचा. त्यामुळे थोडी जास्त लांबी मिळते. फ्लॅट घट्ट होतोय असं वाटलं की सगळी फेरी यू-रॅपने करा. टाके उतरवल्यावर फ्लॅट, यू-रॅप आणि खरा सुलट या तिन्हींची रचना सारखीच असते, फक्त टाक्यांचा आकार लहान-मोठा असतो.

खऱ्या सुलट टाक्यात हूक आधीच्या टाक्यात खालून वर घालायचा, वर धरलेला धागा पकडून त्याचा फास ओढून घ्यायचा, जुना टाका खुंटीवरून काढायचा आणि नवा फास खुंटीवर चढवायचा. फास किती लांब ओढायचा हे तुमच्या हाती असतं, म्हणून ताणावर ताबा सर्वांत जास्त इथेच. उलट टाकाही याच पद्धतीने होतो, फक्त धागा आधीच्या टाक्याच्या खाली धरायचा आणि हूक वरून खाली घालायचा. दोन्हींत शेवटी एक मोह होतो: फास खुंटीवर चढवल्यावर धागा ओढून टाका 'बसवण्याचा'. तो ओढू नका. त्या ओढीने जास्तीचा धागा कमी होतो खरा, पण शेजारच्या टाक्यातलाही निघून येतो. फास खुंटीला टेकला, एवढं पुरे.

एकाच फेरीत प्रकार मिसळू नका. अर्धी फेरी ई-रॅप आणि अर्धी फ्लॅट केली तर टोपी एका बाजूला फुगते, आणि धुऊनही ती सारखी होत नाही.

आधी नमुना, मग टोपी

नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांना येतो. पण आकडे पाहा. समजा 36 खुंट्यांच्या लूमवर मोठ्या माणसाची टोपी करायची आहे. नमुन्यात 10 सेंटिमीटरमध्ये 7 टाके बसले, तर टोपीचा घेर 36 भागिले 7 गुणिले 10, म्हणजे साधारण 51 सेंटिमीटर. डोक्याचा घेर 55-56 असेल तर ही टोपी बरोबर बसेल, कारण विणलेलं कापड थोडं ताणलं जातं. हात जरा आवळला आणि 10 सेंटिमीटरमध्ये साडेसात टाके आले, तर घेर 48. हात ढिला पडून साडेसहा आले, तर 55, म्हणजे टोपी डोळ्यांवर घसरणार. अर्ध्या टाक्याचा हा फरक विणताना डोळ्यांना दिसतही नाही.

नमुना किमान 15 खुंट्यांवर विणा, म्हणजे कडेचे टाके सोडून मधे मोजायला जागा मिळते. लूमवर असताना मोजू नका. तिथे कापड ताणलेलं असतं. उतरवून रात्रभर पडू द्या, शक्यतो धुऊन वाळवा आणि सपाट पृष्ठभागावर न ताणता मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके आणि ओळी मोजा. टाके जास्त आले तर प्रकार सैल घ्या, म्हणजे फ्लॅटऐवजी यू-रॅप. कमी आले तर उलट दिशेने जा. टोपीसाठी विणताना नमुनाही गोल विणलेला बरा, कारण सपाट पट्टी विणताना हाताची दिशा दर ओळीला बदलते आणि ताण थोडा वेगळा येतो.

सुरुवात आणि जोडाची जागा

टाके घालताना ई-रॅपची सुरुवात सोपी आहे, पण कड सैल राहते. क्रोशाच्या साखळीने टाके घातले तर कड नीटस येते. साखळी मात्र हात मोकळा ठेवूनच घाला; कानटोपीची कड आवळली तर वरचं सगळं विणकाम बरोबर असूनही टोपी कपाळावर चावते.

गोल विणताना शेवटची आणि पहिली खुंटी जिथे भेटतात तिथे बहुतेकदा एक उभी फट दिसते. पहिल्या फेरीचा शेवटचा टाका घातल्यावर पहिल्या खुंटीकडे जाताना धागा लोंबू देऊ नका, पण खेचूही नका. बोटाने तो लूमला टेकवून धरा, पहिला टाका विणा, मग बोट उचला. सुरुवातीची सरकगाठ बाजूच्या खिळ्याला अडकवली असेल, तर दोन-तीन फेऱ्या झाल्यावर ती काढून टाका. तशीच राहिली तर त्या जागी कापड ओढलं जातं.

प्रत्येक फेरी संपली की टाके बोटांनी खुंटीच्या तळाकडे सारा. ते वर राहिले तर पुढच्या फेरीत हूकला जागा मिळत नाही आणि आपल्याला वाटतं टाका घट्ट झाला. खाली लोंबणारं कापडही अधूनमधून चहूबाजूंनी हळू खाली ओढा. त्याने शेजारशेजारच्या टाक्यांतला धागा वाटला जातो. पण कापडाला वजन बांधायच्या फंदात पडू नका, त्याने टाके लांब होतात.

चुका ओळखणं आणि दुरुस्त करणं

एकच टाका हट्टाने उचलला जात नसेल तर त्याच्यावर हूकने जोर लावू नका. प्लॅस्टिकची खुंटी मोडते, नाहीतर धाग्याचे पदर सुटतात. अलीकडच्या खुंटीवरचा टाका हूकने थोडा बाहेर ओढा, तिथला धागा सरकवत अडलेल्या टाक्यापर्यंत आणा. दोन-तीन टाक्यांकडून थोडा थोडा घेतला की तो सुटतो. सगळी फेरीच आवळली असेल तर पुढची फेरी ई-रॅपने करून मोकळं होणं मला पटत नाही, कारण ती ओळ वेगळी दिसते. ती फेरी उसवून यू-रॅपने पुन्हा करावी.

सपाट पट्टी विणताना एक ओळ रुंद, एक अरुंद असे पट्टे दिसत असतील तर जाताना आणि येताना तुमचा हात वेगळा चालतोय. धागा धरायचा हात बदलू नका, शरीराकडे येणारा कोन सारखा राहील असा लूम फिरवा. कडेची शेवटची खुंटी नेहमी सैल पडते. परतताना पहिली खुंटी न विणता धागा तिच्या मागून नेला तर कड साखळीसारखी नीट येते.

ओळ अर्धी सोडून उठू नका. पुन्हा बसेपर्यंत हाताची ढील बदललेली असते आणि तो सांधा कायमचा दिसतो. खुंट्यांवर टाके आठवडाभर पडून राहिले तर त्या ओळीतले टाकेही ताणून मोठे होतात. मनगट किंवा अंगठा दुखायला लागला तर विणणं थांबवून ताण तपासा. लूमवर बरोबर ताणाने विणताना हूकला जोर लागतच नाही.

टाके बंद करताना

मफलरचं शेवटचं टोक आवळलेलं दिसणं ही सर्वांत सर्रास चूक. नेहमीच्या बंद करण्यात दोन खुंट्या विणतात, दुसरीचा टाका पहिलीवर आणून एकावरून एक टाकतात आणि उरलेला टाका पुन्हा दुसरीवर नेतात. पट्टी कितीही फ्लॅटने विणली असली तरी हे टाके यू-रॅप किंवा ई-रॅपने घाला, म्हणजे कड पट्टीएवढीच रुंद राहते. टोपीला ही गरज नसते. धागा लूमभोवती एक पूर्ण वेढा आणि वर वीतभर इतका ठेवून कापा, तो बोथट लोकरसुईत ओवा, क्रमाने प्रत्येक टाक्यातून सुई नेत टाके खुंटीवरून उतरवा. सगळे टाके सुईतून गेले की एकदम हिसका देऊ नका. अर्ध्या घेरापर्यंत आवळा, थांबून सुरकुत्या बोटांनी सारख्या करा, मग उरलेला अर्धा आवळा. मधे भोक राहत असेल तर सुई पुन्हा एकदा सगळ्या टाक्यांतून फिरवा आणि धागा आतून पक्का करा.

धुण्याने बारीकसारीक फरक भरून निघतात. खरी लोकर कोमट पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये गुंडाळून, न पिळता दाबून पाणी काढा आणि सपाट पसरून हव्या त्या मापाला वाळवा; तिचे टाके एकमेकांत बसतात. ॲक्रिलिकवर याचा परिणाम कमी होतो, म्हणून त्यात ताण विणतानाच बरोबर हवा. आणि ॲक्रिलिकच्या टोपीवर इस्त्री कधीही टेकवू नका; धागा चपटा पडतो, कापडाची उसळी जाते, आणि ती परत येत नाही.